यादवीच्या बातमीत पगार, डिझेल आणि चलनाचा दरही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

म्यानमार आणि सुदानमधल्या यादवीच्या बातम्या आपल्या परदेशच्या पानावर नेमाने येतात, याबद्दल प्रथम आभार. बातमीसोबत नकाशाही असतो: सरकारच्या ताब्यातला मुलूख एका रंगात, बंडखोरांचा दुसऱ्या रंगात. आमचे म्हणणे या नकाशाविषयीच आहे. आज कोण कुठे उभा आहे एवढे त्यावरून समजते. सहा महिन्यांनी कोण उभा असेल हे समजायला दुसरेच आकडे लागतात आणि ते आपल्या बातम्यांत क्वचित दिसतात. शिपायाला महिन्याचा पगार मिळतो का, त्या पगारात किती तांदूळ येतो, डिझेल कोणत्या नाक्यातून आत येते आणि त्या नाक्यावरची जकात कोण घेतो, या प्रश्नांच्या उत्तरांवर बहुतेक यादवी युद्धांचा निकाल ठरत आला आहे.

नवी मुंबईतल्या वाचकाला हा विषय दूरचा वाटायचे कारण नाही. यंगूनहून येणारी तूर, जिला वाशीच्या दाणा बाजारात सगळे ‘लेमन’ म्हणतात, आणि तिथला उडीद न्हावा शेवाला उतरतो. जून २०२१ मध्ये, म्हणजे म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यावर चारच महिन्यांनी, भारताने त्या देशाशी पाच वर्षांचा करार केला: दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर. यातली तूर मुख्यतः मंडाले, मगवे आणि सागाईंग या कोरडवाहू पट्ट्यात पिकते. लष्कराविरुद्धच्या सशस्त्र प्रतिकाराचा जोरही याच पट्ट्यात, विशेषतः सागाईंग आणि मगवेत आहे. शेतातून निघालेला ट्रक बंदरापर्यंत जाताना दोन्ही बाजूंच्या चौक्यांवर पैसे मोजतो. आपल्या डाळीच्या भावात त्या युद्धाचा खर्च असा मिसळतो.

म्यानमारच्या लष्कराने या व्यापारातून पैसा कसा काढला, ते जरा तपशिलाने पाहू. सत्तापालटापूर्वी एका डॉलरला सुमारे १,३३० क्यात (म्यानमारचे चलन) मिळत. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने दर २,१०० ला बांधला आणि निर्यातदाराने मिळवलेल्या डॉलरपैकी ६५ टक्के याच दराने बँकेत बदलले पाहिजेत, असा हुकूम काढला. समजा, एक टन माल हजार डॉलरला विकला आणि खुल्या बाजारात डॉलरला ३,००० क्यात मिळत आहेत. ६५० डॉलरचे बाजारभावाने १९ लाख ५० हजार क्यात व्हायला हवेत. सरकारी दराने हातात पडतात १३ लाख ६५ हजार. फरक ५ लाख ८५ हजारांचा, म्हणजे टनाच्या पूर्ण किमतीचा जवळपास पाचवा हिस्सा. कायद्यात कुठेही ‘निर्यात कर’ असे लिहिलेले नाही, पण शेतकरी आणि व्यापारी दोघांच्या खिशातून तो गेला. स्वस्तात मिळालेल्या या डॉलरांतून लष्कराला विमानाचे इंधन आणि सुटे भाग घेता येतात. जून २०२३ मध्ये अमेरिकेने म्यानमारच्या दोन सरकारी बँकांवर निर्बंध घातले, ते परकीय चलनाची ही वाट अडवण्यासाठीच.

असा कर कायम वसूल होत नाही. निर्यातदार बिलात किंमत कमी दाखवतो आणि उरलेले पैसे सिंगापूर किंवा दुबईत ठेवतो. काही जण माल गोदामातच दाबून दराची वाट बघतात. खुल्या बाजारातला दर २०२४ मध्ये ४,००० च्या पुढे गेला. सरकारी दर आणि बाजारदर यांतली दरी जितकी रुंद, तितका चोरवाटेचा व्यापार मोठा आणि सरकारच्या हाती येणारा डॉलर कमी. ही दरी म्हणजे राजवट किती धापा टाकते आहे याचे सर्वांत सोपे माप. म्हणून सरकारी दर छापण्यात काही अर्थ नसतो; बाजारातला दर छापायला हवा.

दुसऱ्या बाजूचेही बघा. लष्करविरोधी राष्ट्रीय एकता सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये बिनव्याजी रोखे काढले. परदेशातल्या बर्मी लोकांनी पहिल्याच दिवशी ६३ लाख डॉलरचे रोखे घेतले. लोकांची निष्ठा सिद्ध करणारा हा आकडा आहे, पण त्यातून येणारा पैसा एकरकमी आणि पुढे ओसरत जाणारा असतो. जकात नाका रोज पैसे देतो. म्हणूनच २७ ऑक्टोबर २०२३ ला उत्तर शानमध्ये सुरू झालेल्या मोहिमेत तीन सशस्त्र गटांनी चीनच्या सीमेवरचे व्यापारी नाके आधी घेतले. ऑगस्ट २०२४ मध्ये लाशो शहर पडले, तिथले लष्करी विभागीय मुख्यालयही गेले. त्यानंतर चीनने आपल्या बाजूची फाटके बंद केली. वीज, इंधन, औषधे अडवली. रणांगणात न हरलेल्या गटाने एप्रिल २०२५ मध्ये लाशो लष्कराला परत दिले. नकाशावरचा रंग बदलला खरा, पण तो गोळीबाराने बदलला नव्हता. नाक्याच्या दोन्ही बाजू आपल्या हातात नसतील तर नाका जिंकूनही उपयोग मर्यादित राहतो.

आता पगाराकडे येतो, कारण आमच्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याकडे होते. आपल्या इतिहासात ही गोष्ट नवी नाही. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात गारदी घुसले ते थकलेल्या पगाराची तक्रार पुढे करूनच. अफगाणिस्तानचे नजीबुल्ला सरकार घ्या. फेब्रुवारी १९८९ मध्ये शेवटचा सोव्हिएत सैनिक देश सोडून गेला तेव्हा काबूल काही महिन्यांत पडेल, असे बहुतेक जाणकार म्हणत होते. त्याच वर्षी जलालाबादची मोठी लढाई उलट सरकारने जिंकली. सरकार तीन वर्षे टिकले, कारण मॉस्कोहून गहू, इंधन, दारूगोळा आणि छापलेल्या अफगाणी नोटा येत राहिल्या. या नोटांवर उत्तरेतल्या दोस्तमसारख्या निमलष्करी सरदारांची फौज पोसली जात होती. १ जानेवारी १९९२ पासून मदत बंद झाली. विमाने इंधनाअभावी जमिनीवर राहिली, सरदारांची रसद तुटली, दोस्तम फुटला आणि एप्रिलमध्ये काबूल गेले. त्या चार महिन्यांत मुजाहिदीनांना नवे शस्त्र मिळाले नव्हते किंवा त्यांच्यात एकीही झाली नव्हती. सरकारची तिजोरी तेवढी रिकामी झाली होती.

२०२१ मध्ये पुन्हा तेच दिसले. त्या वेळी अफगाण सरकारचा सुमारे तीन चतुर्थांश खर्च परदेशी मदतीवर चालत होता. कागदावर असलेले अनेक शिपाई प्रत्यक्षात नव्हते आणि जे होते त्यांचा पगार महिनोन्महिने थकलेला. तालिबानने जुलैमध्ये इराण सीमेवरचे इस्लाम काला आणि पाकिस्तान सीमेवरचे स्पिन बोल्दक घेतले. मोठी शहरे घेण्याआधी त्यांनी जकात घेतली. १५ ऑगस्टला काबूल पडले तेव्हा जगाला धक्का बसला. जकातीचे आकडे बघणाऱ्याला तो एवढा बसला नसता.

सीरियाचीही हीच कथा. २०११ च्या आधी डॉलरला ४७ च्या आसपास असणारा सीरियन पौंड २०२४ पर्यंत १५,००० च्या घरात घसरला होता. साध्या सैनिकाचा महिन्याचा पगार डॉलरमध्ये ४० च्या आत. तेलाचे मुख्य पट्टे ईशान्येला कुर्दांच्या नेतृत्वाखालील फौजांकडे. शेजारच्या लेबनॉनच्या बँका २०१९ पासून बुडालेल्या, त्यांत अनेक सीरियन व्यापाऱ्यांच्या ठेवी अडकलेल्या. चौक्यांवरचे शिपाई वाहनचालकांकडून पैसे उकळून पोट भरत, त्यामुळे सरकारी भागातल्या माणसालाही स्वतःचे सैन्य नकोसे झाले. त्याच काळात इदलिबमधल्या बंडखोर प्रशासनाने २०२० पासून तुर्की लिरा व्यवहारात आणला आणि तुर्की सीमेवरच्या बाब अल-हवा नाक्यातून नियमित उत्पन्न मिळवले. २७ नोव्हेंबर २०२४ ला हल्ला सुरू झाला. ४ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष असदने सैनिकांचा पगार ५० टक्क्यांनी वाढवण्याचा आदेश काढला आणि ८ डिसेंबरला राजवट संपली. वाढीव पगार त्याच पौंडात मिळणार होता, ज्याला कोणी विचारत नव्हते.

चलन बुडाल्यावर ते वाचवण्याचे उपाय कसे फसतात, याचा चीनइतका स्वच्छ नमुना दुसरा सापडणार नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये राष्ट्रवादी सरकारने ३० लाख जुन्या युआनला एक ‘सुवर्ण युआन’ देऊन नवे चलन आणले, लोकांना घरातले सोने-चांदी-डॉलर बँकेत जमा करायला लावले आणि शांघायमध्ये भाव गोठवले. नोटा २०० कोटींवर छापणार नाही, असे वचन होते. खर्चाचा मोठा भाग सैन्यावर जात होता आणि कर वसूल होत नव्हता. वचन तीन महिनेही टिकले नाही. गोठवलेल्या भावात शेतकरी शहरात धान्य आणेनात, दुकाने ओस पडली. ज्या मध्यमवर्गाने कायदा पाळून सोने जमा केले, तोच भिकेला लागला आणि सरकारचा शेवटचा पाठीराखा गेला. मे १९४९ मध्ये शांघाय कम्युनिस्टांच्या हाती पडले.

ठाणे आणि मुंबईला ज्या यादवीने सर्वांत जास्त हलवले ती अमेरिकेची, १८६१ ते १८६५ ची. तिथे गोऱ्या मळेवाल्यांचा दक्षिण भाग गुलामी टिकवण्यासाठी फुटला, तेव्हा त्यांचा सगळा हिशेब कापसावर होता. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा अमेरिकेचा असे. कापूस अडवला की ब्रिटन आपल्या बाजूने उतरेल, अशी त्यांची खात्री. म्हणून १८६१ मध्ये, उत्तरेची आरमारी नाकेबंदी अजून विरळ असताना, दक्षिणेने स्वतःच माल रोखून धरला. ही त्यांची सर्वांत महागडी चूक. आधीच्या दोन वर्षांच्या भरघोस पिकामुळे इंग्लंडची गोदामे भरलेली होती. ती रिकामी होईपर्यंत नाकेबंदी घट्ट झाली आणि गिरणीमालक इजिप्त व हिंदुस्थानकडे वळले. वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. मुंबईत बँका आणि भराव घालणाऱ्या कंपन्यांचे शेअर आभाळाला भिडले आणि ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आल्याची बातमी पोचल्यावर तेवढ्याच वेगाने कोसळले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे सटोडिये बसले आणि बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडाली. त्या तेजीतल्या भरावावर आज मुंबईचा बराच भाग उभा आहे.

पण दक्षिण हरली ती केवळ कापसाच्या चुकीमुळे नव्हे. मोठे कारण कर. दक्षिणेच्या सरकारने युद्धखर्चाचा दहावा हिस्साही करातून उभा केला नाही; निम्म्याहून जास्त खर्च नोटा छापून भागवला. युद्ध संपेपर्यंत तिथले भाव सुरुवातीच्या नव्वदपटीच्या आसपास गेले होते. उत्तरेनेही नोटा छापल्या, ४५ कोटी डॉलरपर्यंत. पण जोडीला प्राप्तिकर बसवला, सामान्य माणसाला रोखे विकले, १८६३ मध्ये राष्ट्रीय बँकांचा कायदा केला आणि महागाई ८० टक्क्यांच्या आसपास रोखली. शिपायाच्या घरात याचा अर्थ काय होता? दक्षिणेच्या साध्या शिपायाचा पगार महिना ११ डॉलर, जून १८६४ पासून १८. दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, १८६४ च्या सुरुवातीला पिठाचे एक पिंप २०० डॉलरच्या वर होते. घरून बायकोची पत्रे येत: मुले उपाशी आहेत, परत या. आणि शिपाई परतत. २ एप्रिल १८६३ ला रिचमंडमध्येच बायकांनी पावासाठी दुकाने फोडली. पैसा चालेना तेव्हा सरकारने त्याच महिन्यात पिकाचा दहावा हिस्सा धान्यरूपात घेण्याचा कायदा केला. धान्य गोळाही झाले, पण दक्षिणेकडे रूळ होते सुमारे ९,००० मैल, उत्तरेकडे २२,०००. तेही वेगवेगळ्या रुंदीचे, झिजलेले, बदलायला नवे लोखंड नाही. स्थानकांवर धान्य कुजले आणि शंभर मैलांवर फौज अर्ध्या शिध्यावर राहिली. कोठारात माल असणे आणि तो तोंडापर्यंत पोचणे यांच्यामधले अंतर वाहतुकीचे असते. म्हणून आजही सुदानसाठी डिझेलचा भाव विचारावा लागतो.

सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ पासून लष्कर आणि ‘शीघ्र मदत दल’ ही निमलष्करी फौज एकमेकांशी लढत आहेत. पोर्ट सुदान बंदर लष्कराकडे, दारफुरच्या सोन्याच्या खाणी बऱ्याच अंशी दुसऱ्या बाजूकडे. औषधे, शाई आणि शीतपेयांत वापरल्या जाणाऱ्या बाभूळवर्गीय डिंकाचा जगातला सर्वांत मोठा पुरवठादार हाच देश. हा डिंक ज्या कुर्दुफान आणि दारफुरमधून येतो, तिथे त्याच्यावर वाटेत हप्ते द्यावे लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये लष्करी सरकारने जुन्या मोठ्या नोटा बाद करून नव्या आणल्या, आणि बदलण्याची सोय फक्त आपल्या ताब्यातल्या भागातल्या बँकांत ठेवली. २०१६ ची रांग आठवणाऱ्या वाचकाला हे लगेच समजेल. फरक इतकाच, की इथे पलीकडच्या माणसाला रांगेत उभे राहण्याचीच सोय नव्हती. लुटलेल्या नोटांचा विरोधकांकडचा साठा निकामी करणे हा हेतू. पण दारफुरमधल्या शेतकऱ्याने गादीखाली ठेवलेली बचतही त्याच्याबरोबर गेली आणि एका देशात दोन वेगळे पैशाचे व्यवहार सुरू झाले. हे हत्यार नवीन नाही: जानेवारी १९६८ मध्ये नायजेरियाने आपल्यातून फुटून निघालेल्या बियाफ्राविरुद्ध हेच केले होते. तेव्हा फुटीर सरकारला नायजेरियन पौंडांच्या थैल्या युरोपात नेऊन मिळेल त्या भावाने विकाव्या लागल्या आणि शस्त्रखरेदी अडली.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते. आर्थिक कोंडी म्हणजे रक्ताविना युद्ध, असे काही जण समजतात. बियाफ्रात नाकेबंदीने मारली ती प्रामुख्याने लहान मुले. २०२० ते २०२२ मध्ये इथिओपियाच्या टिग्रेमध्ये बँका, फोन, इंधन बंद ठेवले गेले, तिथल्या दवाखान्यांत इन्सुलिन संपले. सुदानच्या अल फाशेरमध्ये ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर पडण्याआधी लोक जनावरांची पेंड खात होते. सरकारे हा मार्ग निवडतात कारण तो स्वस्त आहे. बातमीत ‘वेढा’ हा एक शब्द येऊन जातो, तेव्हा आत पिठाचा भाव काय आहे हेही वाचकाला कळले पाहिजे.

पैसा जास्त तो जिंकतो, असा सरळ नियम मात्र कोणी काढू नये. स्पेनच्या प्रजासत्ताकाकडे १९३६ मध्ये मोठा सोन्याचा साठा होता. त्यातले सुमारे ५१० टन ऑक्टोबरमध्ये कार्ताहेना बंदरातून सोव्हिएत संघात रवाना झाले. त्याच्याविरुद्ध बंड करणाऱ्या जनरल फ्रँकोकडे सोने जवळपास नव्हते. त्याला जर्मनी-इटलीने शस्त्रे उधारीवर दिली, अमेरिकेच्या टेक्साको कंपनीने तेलही उधारीवर दिले, आणि कास्तीलचा गहू त्याच्या बाजूला होता. सोनेवाले हरले, पतवाले जिंकले. अंगोलात दोन्ही बाजूंना नैसर्गिक संपत्ती होती, पण जात वेगळी. सरकारचे तेल समुद्रात, परदेशी कंपन्यांच्या फलाटांवर, बंडखोरांच्या हाताबाहेर. युनिटा या बंडखोर संघटनेचे हिरे नदीच्या गाळात, फावड्याने आणि चाळणीने निघणारे, खिशात मावणारे. अशा हिऱ्यांवर युद्ध वर्षानुवर्षे चालू ठेवता येते, जिंकणे अवघड. १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्या हिऱ्यांवर बंदी घातली. खरेदीदार घटले, इंधन मिळेना. तेलाच्या पैशावर सरकारी फौज वाढत गेली आणि २२ फेब्रुवारी २००२ ला युनिटाचा नेता साविंबी मारला गेल्यावर काही आठवड्यांत युद्ध थांबले. सुदानमध्ये सोने दोन्ही बाजूंकडे आहे आणि विकायची वाट उघडी आहे. युद्ध लवकर संपत नाही याचे आमच्या मते हे मुख्य कारण.

शांतता टिकवण्यासाठीही रोख पैसा लागतो. मोझांबिकमध्ये बंडखोर रेनामोला दक्षिण आफ्रिकेचा आधार सुटत गेला, १९९१-९२ च्या दुष्काळात दोन्ही फौजांना खेड्यातून धान्य मिळेना आणि ४ ऑक्टोबर १९९२ ला रोममध्ये करार झाला. मग सुमारे ९० हजार सैनिकांना घरी पाठवताना नुसते प्रमाणपत्र दिले नाही. पहिले सहा महिने सरकारकडून आणि पुढचे दीड वर्ष देणगीदार देशांच्या पैशातून, गावाजवळच्या बँकेत दर ठरावीक दिवसांनी भत्ता मिळत राहिला. गावी जाऊन राहिले तरच भत्ता, त्यामुळे माणूस बंदूक सोडून गावात स्थिरावला. आज वाशीच्या बाजारात येणाऱ्या आफ्रिकी तुरीत मोझांबिकचा मोठा वाटा आहे.

आपल्याकडे आमची मागणी नेमकी आहे. म्यानमार, सुदान किंवा अशा कुठल्याही यादवीच्या नकाशाखाली महिन्यातून एकदा चार ओळी द्याव्यात: डॉलरचा खुल्या बाजारातला दर आणि तीन महिन्यांपूर्वीचा दर; दोन्ही बाजूंच्या शिपायाच्या पगारात किती किलो तांदूळ, गहू किंवा ज्वारी येते; कोणता सीमानाका किंवा बंदर कोणाच्या ताब्यात आहे आणि ते चालू आहे का; राजधानीत आणि वेढलेल्या शहरात डिझेल व पिठाचा भाव. बाजारभाव जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मासिक अहवालांत शहरवार मिळतात. पगाराचे आकडे मिळवायला कष्ट पडतील. मिळाले नाहीत त्या महिन्यात ती ओळ कोरी ठेवावी, अंदाजाने भरू नये. आणि म्यानमारच्या बातमीत २,१०० क्यात हा सरकारी दर देऊन रुपयांत हिशेब काढणे तेवढे थांबवावे. त्या दराने यंगूनमध्ये कोणी डॉलर विकत नाही.

आपले,
आयात व्यापार आणि आर्थिक इतिहास या विषयांत काम करणारे दोन वाचक
वाशी, नवी मुंबई
(नावे व पत्ता संपादकांकडे)